चिमाऊच्या घराची बदनामी

नाशिकहून बदली होऊन मी तंजावूरला आले तेव्हा बँकेतल्या शिपायानं मला पश्चिम वीथी नावाच्या रस्त्याच्या आतल्या एका बोळातलं घर दाखवलं. वरची खोली भाड्यानं द्यायची होती. खाली ओट्यावर साठी उलटलेली एक बाई शेवग्याचा पाला निवडत बसली होती. शिपाई तमिळमध्ये तिला माझ्याबद्दल सांगत होता. तिनं मध्येच मान वर केली आणि मला म्हणाली, "तुम्ही मराठी कां? मग त्यास कशास श्रम. मजशीं बोला."

मला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. बखरीतलं एखादं पान उठून बोलायला लागावं तसं मला वाटलं. मी ते तोंडातल्या तोंडात गिळलं. तिनं ते पाहिलं होतं, हे मला पुढे वर्षभरानं कळलं.

ही बाई म्हणजे अंबाक्का. बोळातली सगळी माणसं त्यांना मीटर अक्का म्हणतात. यजमान सांबशिवराव रजिस्ट्रार कचेरीत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा होसूरला कारखान्यात आहे. घरात मराठी, बाजारात तमिळ, ऑफिसच्या कागदांपुरतं इंग्रजी. मराठी वाचता मात्र येत नाही. इथल्या बहुतेक मराठी घरांत तसंच आहे. भाषा तोंडातून तोंडात आली, अक्षरं वाटेत कुठेतरी राहून गेली.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली अंबाक्का विजेच्या ऑफिसात मीटर वाचायला लागल्या. त्या विभागात रस्त्यावर हिंडणारी बाई तोवर कुणी नव्हती. साहेबानं त्यांना मुद्दाम जुनं गाव दिलं, म्हणजे राजवाड्याभोवतीच्या चार वीथ्या आणि त्यांच्या पोटातले सगळे बोळ. सायकल आत जात नाही, घरं अंधारी, मीटर कुठे लावलाय ते घरच्यांनाही धड आठवत नाही. महिन्याभरात ही बाई रडत येईल आणि टेबलावरचं काम मागेल, असा साहेबाचा अंदाज होता. अंबाक्का तेहतीस वर्षं त्याच बोळांतून चालल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

मीटर वाचणाऱ्या माणसाला कुठलं घर पुढच्या खोलीतून परत पाठवत नाही. कुणाचा मीटर देवघरात, कुणाचा भाताच्या कणगीवर, वीणा करणाऱ्याच्या दुकानात तर फणसाच्या ओंडक्यांच्या मागे. तिथवर पोचायचं म्हणजे घराच्या पोटातून जायचं, दर दोन महिन्यांनी. त्यामुळे तांब्यापितळेच्या कोणत्या दुकानाच्या मागच्या भिंतीत घोडे बांधायच्या कड्या आहेत, कुठल्या दवाखान्याच्या माळ्यावर राजवाड्यातून आलेलं नक्षीचं दार उताणं पडलं आहे, कुणाच्या विहिरीला दोन बोळांतून दोन तोंडं आहेत, हे सगळं त्यांना ठाऊक. या सगळ्याला लोक इतिहास म्हणतात हे मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

पहिल्या वर्षी रविवारी सकाळी कॉफी झाली की त्या मला घेऊन निघायच्या. हातात छत्री, पायात ऑफिसच्या काळातल्या जाड तळाच्या चपला. त्यांच्याबरोबर चालणं सोपं नव्हतं. दर चार पावलांवर कुणीतरी हाक मारायचं, बसवायचं, पाणी द्यायचं. एखाद्या घराबद्दल मी काही विचारलं आणि त्यांना माहीत नसलं, तर त्या सरळ सांगायच्या, "मज ठाऊक नाहीं. आंत एक आजी आहेत, त्यांस पुसूं." मग आम्ही आत.

अशाच एका रविवारी त्यांनी मला चिमाऊचं घर दाखवलं. ते आमच्याच बोळाच्या तोंडाशी आहे. जाड चुन्याच्या भिंती, ठेंगणं छत, मधे उघडा चौक, चौकाच्या एका अंगाला दगडी न्हाणी आणि तिच्यात अर्धा पुरुषभर लांबीचं दगडाचं टाकं. आता पुढच्या भागात सत्यनारायण यांचं फुलांचं दुकान आहे आणि मागे दोन खोल्यांत त्यांचं कुटुंब राहतं. तिथे पूर्वी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या सुईणीनं अंबाक्कांना नोकरीच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, की हे घर चिमाऊ नावाच्या बाईनं बांधलं. वाटेत कळा लागलेल्या, घरदार नसलेल्या बायांनी इथे यावं, बाळंत व्हावं, चाळीस दिवस राहावं, म्हणून. राजानं नाही, राणीनंही नाही. राजाच्या पागेत घोडे सांभाळणाऱ्या एका माणसाच्या बायकोनं. मागच्या खोलीच्या तुळयांना अकरा लोखंडी कड्या आहेत. एकेका कडीला साडीची झोळी आणि झोळीत मूल. अंबाक्कांनी हे मला सांगितलं, सत्यनारायणांच्या बायकोकडून ओंजळभर फुलं घेतली आणि आम्ही पुढे गेलो. एवढंच.

मग दोन वर्षांपूर्वी त्या फेऱ्या सुरू झाल्या.

चेन्नईच्या एका कंपनीनं काढल्या होत्या. ‘सप्तवीथी वॉक्स’ असं नाव. शनिवारी-रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या कानात तारा, आणि पुढे किरमिजी सदऱ्यातला गाईड. गाईडचं नाव रमण. गावाला लागून असलेल्या करंदैचाच पोरगा, इतिहासात एम. ए. केलेला आणि चार वर्षं नोकरी न मिळालेला. आवाज गोड, पाठांतर पक्कं. पहिल्या फेरीला तो आमच्या घरासमोर थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, की या बोळात एके काळी मराठी कुटुंबं राहत, आता त्यांतलं कुणी उरलेलं नाही. अंबाक्का तेव्हा त्याच्यापासून चार हातांवर ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी मी. मी रागानं उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून बसवलं. पोटाकरितां बोलतो बापडा, म्हणाल्या, आणि पाला निवडत राहिल्या.

त्या दिवशी त्यांना राग आला नाही याचं मला नवल वाटलं. राग कशाचा येतो ते पुढे दिसलं.

सत्यनारायणांची मुलगी हरिणी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजला जाण्याआधी ती रोज पहाटेपासून दुकानाच्या खिडकीत बसून कदंब ओवते. कदंब म्हणजे इथली खास माळ, चार रंगांची फुलं आणि मरव्यासारखा एक वासाचा पाला एकत्र गुंफलेली. फेरीतल्या कुणीतरी तिचा तसा ओवताना फोटो काढला. तिला विचारलं नाही. तो फोटो कंपनीच्या पानावर आला, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की राजाच्या रंगमहालातल्या नर्तकी जिथे राहत, न्हात आणि राजाची वाट पाहत, त्या घरातल्या मुलींच्या बोटांत ती जादू आजही आहे.

हे हरिणीच्या वर्गातल्या मुलांनी पाहिलं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. मुलगी तीन दिवस कॉलेजला गेली नाही. चौथ्या दिवशी सत्यनारायण सुताराला घेऊन आले आणि ती खिडकी फळ्या मारून बंद करायला लागले. हातोड्याचा आवाज ऐकून अंबाक्का तिथे गेल्या. हरिणीनं त्यांना फोनवर ते वाचून दाखवलं. तमिळमध्ये अर्थ सांगितला. अंबाक्कांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग सुताराला म्हणाल्या, आज जा, लागलं तर मी बोलावीन.

घरी आल्या त्या थेट वर माझ्या खोलीत. जिना चढून धाप लागली होती, पण बसल्या नाहीत.

"बाळंतिणींच्या न्हाणीस हा रंगमहाल म्हणतो. कोणाच्या आईस न्हाऊं घातलें तेथें, आणि हा काय सांगतो? शांभवी, ह्या रविवारचें तिकीट काढ. दोन."

मी काढली. दोघींची.

त्या रविवारच्या फेरीत बहुतेक माणसं महाराष्ट्रातली होती. पुण्याकडची एक सहल रामेश्वरला जाताना इथे उतरली होती. मोठ्या देवळातला भिंतभर मराठी शिलालेख पाहून आली होती, सगळ्यांचा ऊर भरून आला होता. आपले राजे कुठवर आले होते, असं जो तो म्हणत होता. अंबाक्का नेहमीची सुती साडी नेसून, छत्री घेऊन त्यांच्या मागून चालत होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. रमणनं मात्र ओळखलं.

वाटेत त्यानं जे काही सांगितलं ते सगळंच खोटं होतं असं नाही. घोड्यांच्या कड्यांबद्दल तो बरोबर बोलला. वीणेच्या दुकानातही बरोबर बोलला. पण चिमाऊच्या घरापाशी आल्यावर त्याचा आवाज बदलला, गोष्ट सांगणाऱ्याचा झाला. त्यानं माणसांना चौकात नेलं. सत्यनारायण खाली मान घालून फुलं तोलत राहिले. न्हाणीतलं दगडी टाकं दाखवून रमण म्हणाला, इथे गुलाबपाण्यानं स्नान होई. मग मागच्या खोलीत नेऊन तुळयांच्या कड्यांकडे बोट दाखवलं. या कड्यांना रेशमी दोरांचे झोपाळे असत, नर्तकी त्यावर झुलत आणि राजा खाली लोडाला टेकून बघे. पुरुष हसले. एका बाईनं नवऱ्याला कोपर मारलं.

अंबाक्का पुढे झाल्या आणि तमिळमध्ये त्याला म्हणाल्या, झोपाळ्याला कड्या किती लागतात? त्यांनी स्वतःच सांगितलं, जोडीनं लागतात, आणि या तर एकेकट्या आहेत, दोन हातांच्या अंतरानं. आणि त्यांनी हातातली छत्री उभी धरली. तिचं टोक तुळईला टेकलं. इथे झोपाळा बांधून बाई बसली तर पहिल्या झोक्याला तिचं कपाळ फुटेल, म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि सहलीच्या माणसांना मराठीत सांगायला लागल्या.

"हें बाळंतिणींचें घर आहे. वाटेस अडलेल्या बाया येथें येत. ह्या कड्यांस लेंकुरांच्या झोळ्या. तें टाकें न्हाऊं घालण्याचें. तुम्हांस जें सांगितलें तें खोटें. येथें कोणी नाचलें नाहीं."

मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी विचारेल. चिमाऊ कोण होती, एवढं तरी. पुढे उभे असलेले एक गृहस्थ, पांढरा झब्बा, गळ्यात उपरणं, दोन्ही हात जोडून म्हणाले, "अहो, काय गोड बोलता! हे मराठीच ना? परत एकदा बोला ना, मी व्हिडिओ घेतो." आणि त्यांनी फोन वर धरला. मागून दोघी-तिघींनीही धरले. कुणीतरी ‘नाहीं’ हा शब्द त्यांच्यासारखा म्हणून दाखवला आणि माणसं हसली.

तीनशे वर्षं एका परक्या मुलखात, पुस्तकं नाहीत, शाळा नाही, अशा हालतीत आईनं लेकीला सांगत जपलेली भाषा. तिच्यात एक बाई तुम्हाला काहीतरी खरं सांगते आहे, आणि तुम्हाला ऐकू येते ती नुसती गंमत. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा आवाज चढला होता. अंबाक्का मात्र शांत होत्या. त्या त्याला फक्त एवढंच म्हणाल्या, "मी काय म्हणालें तें ऐकिलें नाहीं तुम्ही." आणि बाहेर गेल्या.

घरी येताना मी त्यांची माफी मागितली, आमच्याकडच्या माणसांच्या वतीनं. तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. पहिल्या दिवशी तूंही हसलीस, म्हणाल्या. पण तूं मागाहून ऐकिलेंस. मला त्या दुपारी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी रमण आला, एकटाच. ओट्याखाली उभा राहिला, वर बसला नाही. हे सगळं मी लिहिलेलं नाही, म्हणाला. चेन्नईहून लिहून येतं, आणि मध्ये काही गाळलं तर ते दुसऱ्याला घेतील. बाळंतिणींचं घर म्हटलं की लोक पाच मिनिटं थांबतात, रंगमहाल म्हटलं की वीस. अंबाक्कांनी त्याला कॉफी दिली आणि मालकाला इकडे पाठव म्हणाल्या.

मालक पंधरा दिवसांनी खरंच आला. चेतन नाव, चाळिशीच्या आतला, स्वच्छ, नम्र. येताना मिठाई घेऊन आला. हरिणीचा फोटो काढून टाकतो म्हणाला, आणि लगेच फोनवर काढूनही टाकला. झाल्या गोष्टीबद्दल मात्र एक शब्द नाही. घराच्या गोष्टीचं काय, असं मी विचारलं तर इंग्रजीत म्हणाला, एकेका जागेच्या अनेक कथा असतात, आम्ही कुठलीच खरी किंवा खोटी म्हणत नाही. आणि मग तो ज्या कामासाठी आला होता ते बोलला. अंबाक्कांनी रविवारी नऊवारी नेसून, नथ घालून ओट्यावर बसावं. फेरी आली की दोन-तीन वाक्यं जुन्या मराठीत बोलावीत. मोबदला मिळेल. पाटीवर ‘तंजावूरच्या शेवटच्या मराठी आजी’ असं लिहू.

मी हे मराठीत सांगितलं. अंबाक्कांनी मिठाईचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"ह्या बोळांत मराठी बोलणारीं एकोणीस घरें आहेत. मी शेवटची कशी? आणि ह्यास सांग, नाचणाऱ्या बायाही कांहीं हसण्याच्या नव्हत्या. त्यांचीं घरें कोठें होतीं तें मज ठाऊक आहे. पण मी ह्यास दाखवणार नाहीं."

चेतन उठला. जाताना चपला घालता घालता हसून म्हणाला, तुमच्या त्या चिमाऊचा काही पुरावा असेल तर जरूर पाठवा.

त्या रात्रीपर्यंत मी अंबाक्कांना कुठल्याही गोष्टीची लाज वाटताना पाहिलं नव्हतं. जेवायला बसल्यावर त्या बराच वेळ भात कालवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, पुरावा आहे. दगड आहे. दारातून आत गेल्यावर डाव्या भिंतीत लिहिलेला दगड आहे, म्हातारी सुईण त्याला रोज हळद लावायची. मग तो मला कसा दिसला नाही, असं मी विचारलं. तर त्यांनी सांगितलं, की त्यावर मीटरची फळी आहे. सत्त्याऐंशी साली त्या घराचा मीटर बदलायचा होता. जुना मीटर इतका उंच होता की आकडे वाचायला स्टूल मागावं लागे. अंबाक्कांनीच तारवाल्याला जागा दाखवली, डोळ्यांच्या उंचीवर, सपाट दगड, भिंतीसारखा पोपडा धरणारा नाही. त्यानं चार भोकं पाडली आणि फळी ठोकली. सुईण तेव्हा वारली होती. विचारणारं कुणी नव्हतं.

"माझी मान अवघडत असे म्हणून," त्या म्हणाल्या. "दुसरें कारण नाहीं."

मीटर हलवणं ही साधी गोष्ट असेल असं मला वाटलं होतं. अर्ज घरमालकानं करायचा. घर एका लहानशा ट्रस्टचं, ट्रस्टचा सेक्रेटरी तिरुचीला. त्याला त्या घरात मीटर कुठे आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. आम्ही दोनदा बसनं तिरुचीला गेलो. पहिल्यांदा तो भेटला नाही. दुसऱ्यांदा भेटला आणि म्हणाला, त्या दगडाचा बोभाटा झाला तर पुरातत्त्ववाले येतील, मग मला एक खिळा मारता यायचा नाही. म्हणजे खोटं चाललं तर याला चालत होतं, खऱ्याची मात्र भीती. अंबाक्का त्याच्या टेबलासमोर बसून राहिल्या. जेवायची वेळ झाली, तो उठला, जेवून आला, त्या तिथेच. चार वाजता त्यानं सही केली.

विजेच्या ऑफिसात त्यांच्या हाताखाली शिकलेली गायत्री आता इंजिनिअर आहे. तिनं कागद पाहिला, शिक्का मारला आणि दोन माणसं घेऊन स्वतः आली. फळी निघाली. मागे सिमेंटचे थर, तेलकट रंग, आणि त्यावर काळ्या रंगात कनेक्शनचा नंबर. तो नंबरही अंबाक्कांच्याच अक्षरातला. हरिणीनं नारळाच्या काथ्यानं आणि चिंचेच्या पाण्यानं दोन दिवस तो दगड घासला. ज्या खिडकीला फळ्या मारायच्या होत्या ती उघडी टाकून, उजेड आत घेत.

तिसऱ्या दिवशी अक्षरं दिसायला लागली. नागरीच होती. आता वाचायचं मी.

मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेले. शब्द तुटक, काही झिजलेले. वाचता मला येत होतं, पण कळत थोडंच होतं. शेजारी अंबाक्का उभ्या. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझ्या तोंडून शब्द पडला की त्यांना तो कळत होता. ‘पागेंतील गणोजी याची बाईल चिमाऊ इणें आपले गांठीचें वेचून घर बांधिलें.’ इथवर ठीक. ‘वाटेस कळा लागलिया बाईनें येथें यावें. चाळीस दिवस न्हाणें, शेक, पेज द्यावी.’ मग पुढची ओळ मी वाचली, ‘जात न पुसावी. नवरियाचें नांव न पुसावें.’ आणि मी माझ्या शहाणपणानं अर्थ सांगितला, नवऱ्याचं नाव पुसून टाकू नये.

अंबाक्का म्हणाल्या, "पुसणें म्हणजे विचारणें. आम्ही घरीं रोज म्हणतों. कोणीही बाई आली तर तुझा नवरा कोण, हें विचारूं नये, असें ती सांगते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या पुस्तकी मराठीनं त्या ओळीचा अर्थ उलटा केला असता, आणि तोच मी कागदावर लिहून कुठेतरी पाठवला असता.

‘इणें’ या शब्दानंतर मी वाचताना जे गाळलं होतं, ते चिमाऊच्या माहेरचं गाव होतं. ‘माहेर’ हे वाचता येत होतं, शेवटचं ‘पूर’ येत होतं, आणि मधल्या अक्षरांच्या जागी अंगठा जाईल एवढं गोल भोक. चारांपैकी तीन भोकं कोऱ्या जागेत पडली होती. हे एक अक्षरांत. अंबाक्कांनी त्या भोकात बोट घातलं.

"तिचें गांव मी खाल्लें," त्या म्हणाल्या. हरिणीनं पाण्याची बादली उचलली आणि आत गेली.

मी दगडाचे फोटो काढले, वाचन लिहिलं, इंग्रजी अर्थ लिहिला आणि चेतनला पाठवला. एका ओळीचं उत्तर आलं, माहितीबद्दल आभार. सत्यनारायणांनी दारावर लाकडी फळी लावली. तिच्यावर तमिळमध्ये आणि खाली मराठीत दगडावरचा मजकूर. मराठी अक्षरं मी काढून दिली, रंग हरिणीनं भरला. भोकाच्या जागी आम्ही काहीही लिहिलं नाही. ती मोकळी सोडली. पुढच्या रविवारी रमण फेरी घेऊन आला, फळीसमोर थांबला आणि त्यानं ती फळी मोठ्यानं वाचली, वर एक शब्द न घालता. दोन महिने तसं चाललं. आता कंपनीला अक्कल आली असं मला वाटायला लागलं होतं.

मग गेल्या आवणी महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या सुमारास, एका सकाळी तोच रमण धावत आला. चेन्नईहून फेरीचा नवा कागद आला होता. चिमाऊच्या घराला त्यांनी गाळलं होतं. आणि तोच रंगमहाल, त्याच नर्तकी, तेच गुलाबपाणी, शब्दाला शब्द, दक्षिण वीथीतल्या एका तेलाच्या दुकानावर चिकटवलं होतं. दगड झाकता येत नाही तर गोष्ट उचलून शेजारी ठेवली. खोट्याला काय, कुठलंही छप्पर चालतं.

मला इतका संताप आला की मी वकिलाचं नाव शोधायला लागले. अंबाक्कांनी चपला घातल्या.

आम्ही भर दुपारी तेलाच्या दुकानात गेलो. मालक घाण्यातून निघालेलं तिळाचं तेल डब्यांत भरत होता. अंबाक्कांनी त्याला सगळं सांगितलं, हरिणीच्या फोटोसकट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात वाईट काय? राजाचा रंगमहाल म्हटलं तर चार माणसं जास्त येतील, तेल घेतील. माझ्या घरात काही कुणी मुलगी खिडकीत बसत नाही.

मला वाटलं आता अक्का भडकणार. त्या भडकल्याच होत्या, चेहरा लाल झाला होता. पण त्या बाकावर बसल्या, छत्री शेजारी ठेवली आणि त्याला म्हणाल्या, तुझी आजी या घरात बाळंत झाली असेल, तुझी आईही. उद्या वीस माणसं त्या खोलीत उभी राहून हसतील, तेव्हा तू तेल मोजत राहशील का?

तेलाची धार डब्याच्या काठावरून ओघळली तेव्हा त्यानं तोटी बंद केली. मग हात पुसत विचारलं, की मग खरं काय होतं इथे? तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही इतकी वर्षं येत होता.

अंबाक्कांनी वर पाहिलं. तुळया, कोनाडे, मागच्या अंधाऱ्या दाराची चौकट, सगळं पाहिलं.

"मज ठाऊक नाहीं," त्या म्हणाल्या, आणि मग तमिळमध्ये विचारलं, "घरात सगळ्यांत म्हातारं कोण आहे?"

वर त्याची चुलती होती, नव्वदीची, तिला ऐकू कमी येत होतं. आम्ही जिना चढलो. अंबाक्का तिच्या खाटेशी जमिनीवर बसल्या, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारायला सुरुवात केली.